कोलायटिस शांत असताना केलेली कोलोनोस्कोपी

काही त्रास होत नसताना आत नळी घालून बघायचं कशाला, हा प्रश्न मला घरातल्या सगळ्यांनी विचारून झाला. आई म्हणाली, "बरं चाललंय तर चालू दे की रं, कशाला उकरून काढतोस?" दादाचं म्हणणं, पैसे जास्त झाले असतील तर मला दे. बायको तेवढी काही बोलली नाही, कारण डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा ती शेजारच्या खुर्चीतच बसली होती. डॉक्टरांचं सरळ होतं, अल्सरेटिव्ह कोलायटिसची (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येत राहण्याचा हा माझा आजार) लक्षणं सुरू होऊन साधारण 8 वर्षं झाली की त्रास असो नसो, कॅन्सरची सुरुवात तर नाही ना हे बघायला आतड्याची तपासणी करायचीच आणि पुढं ठरावीक काळानं करत राहायची. आणि ही 8 वर्षं लक्षणं सुरू झाल्यापासून मोजायची, निदान झाल्यापासून नाही. माझ्या बाबतीत या दोन तारखांमध्ये बरंच अंतर आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

अंतर का, तर संडासातून रक्त पडतंय म्हटल्यावर आपल्याकडं पहिल्यांदा मूळव्याधच ठरते. मलम झालं, चूर्ण झालं. मग चिकट पडायला लागलं तेव्हा आव झाली म्हणून मेट्रोनिडॅझोलचे कोर्स झाले, थोडे दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. आणि कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर तर काय, "तांबडा रस्सा कमी कर भावा" हा सल्ला फुकटात मिळतोच, मिसळीच्या कटावर तर सगळा दोष. तिखटानं हा आजार होत नाही, शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मोठ्या आतड्याच्या अस्तराला त्रास द्यायला लागते, का द्यायला लागते ते पूर्ण कुणालाच सांगता येत नाही. त्रास चालू असताना तिखट झोंबतं हे खरं, पण ते वेगळं. अजून एक गंमत, माझी सिगरेट सुटली आणि त्याच्या मागोमाग हा आजार आला. डॉक्टर म्हणाले असं पुष्कळांचं होतं, सिगरेट न ओढणाऱ्यांत आणि सोडलेल्यांत हा आजार जास्त दिसतो. कंपनीतला एक मित्र लगेच म्हणाला मग चालू कर की परत. त्याला हात जोडले.

शेवटी राजारामपुरीत पोटाच्या डॉक्टरांकडं गेलो, पहिली कोलोनोस्कोपी झाली, अस्तराचे बारीक तुकडे तपासायला गेले, टीबी नाही अमिबा नाही याची खात्री झाली (आपल्याकडं ही दोन्ही बघितल्याशिवाय पुढं जात नाहीत आणि ते बरोबरच आहे) आणि मग नाव कळलं. हा आजार गुदाशयापासून सुरू होतो आणि तिथून वर सलग चढत जातो, मध्ये जागा सोडत नाही, आणि मुख्यतः आतल्या अस्तरातच असतो. कुणाचा गुदाशयापुरता, कुणाचा डाव्या बाजूपर्यंत, कुणाचा पूर्ण मोठ्या आतड्यात. माझा सुरुवातीला डाव्या बाजूला होता, नंतर आजार एकदम उसळला, त्या मोठ्या झटक्यात पूर्ण चढला.

मधल्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. सूज कमी ठेवणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या, झटका आला की स्टेरॉइड, स्टेरॉइडनं तोंड असं सुजायचं की पाहुणे म्हणायचे "तब्येत सुधारली की". मग रोगप्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन आणि त्याच्यासाठी सारखं रक्त तपासणं, कारण त्यानं पांढऱ्या पेशी उतरू शकतात. एकदाचं सगळं शांत झालं. रक्त नाही, चिकट नाही, वजन भरलं, हिमोग्लोबिन वर आलं.

पण एक गोष्ट गेली नाही, घाई. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, राहायला गावात, म्हणजे रोज तावडे हॉटेलचा चौक आणि पंचगंगेचा पूल. आता तिथलं ट्रॅफिक ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. संडासला जायचं असं वाटलं की पाच मिनिटं हातात असतात, कधी तेवढीही नाहीत. रस्त्यावरचा कुठला पेट्रोल पंप संडास वापरू देतो, कुठला कुलूप लावून ठेवतो, कुठल्या हॉटेलात चहा न घेता आत जाता येतं, हे मला पाठ आहे. गाडीच्या डिकीत जादाची पॅन्ट कायम असते. लग्नाच्या पंगतीत मी दाराकडच्या टोकाला बसतो, कुणी विचारलं तर फोन येतोय म्हणून सांगतो.

मला वाटायचं म्हणजे आजार आत चालूच आहे. दर वेळी कॅलप्रोटेक्टिन करायचो, शौचाची ती तपासणी असते, आतड्याला सूज असेल तर आकडा वर जातो, आणि ती चांगली यायची. मग घाई कशाची? हे डॉक्टरांनी नीट सांगितलं तेव्हा कळलं. गुदाशयाचं काम मल येईल तसं ताणून साठवून ठेवायचं. वर्षानुवर्षं सूज येऊन गेली, भरून आली, परत आली की त्याची भिंत जाड आणि कडक होते, मग ती पहिल्यासारखी ताणत नाही. थोडं जरी आलं तरी भरल्यासारखं वाटतं. नुसता गॅस आहे का खरंच जायचंय हेही कधीकधी कळत नाही. म्हणजे आजार शांत आहे पण भांडं लहान झालंय. याला औषध वाढवून उपयोग नाही. हे आधीच कुणी सांगितलं असतं तर उगाच झटका आला म्हणून घाबरलो नसतो, कितीतरी जण यासाठी स्वतःच्या मनानं स्टेरॉइड चालू करतात, तसं काही करू नका.

तर तपासणी. ही मुद्दाम आजार शांत असतानाच करतात, कारण सूज असली की अस्तराच्या पेशी तशाही वेड्यावाकड्या दिसतात आणि खरंच काही बिघडलंय का नुसती सूज आहे हे तुकडे बघणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून आधी कॅलप्रोटेक्टिन, मग तारीख.

आतडं साफ करणं हाच यातला खरा त्रास, बाकी काही नाही. आयर्नची गोळी आधीच काही दिवस बंद, नाहीतर मल काळा चिकट होऊन आतमध्ये दिसत नाही. दोन-तीन दिवस चोथा नसलेलं खायचं, म्हणजे भाकरी नाही, पालेभाजी नाही, शेंगदाणे तीळ नाहीत, बिया असलेलं काहीच नाही. मऊ भात, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, सोललेला उकडलेला बटाटा. आदल्या दिवशी तर नुसतं पाण्यासारखं, शहाळं, गाळलेलं लिंबू सरबत, दूध नाही, आणि लाल जांभळ्या रंगाचं काही नाही, नाहीतर आत रक्तासारखं दिसतं. आईनं तरी विचारलंच, "अळणी पांढरा रस्सा चालंल का?" म्हटलं आई, त्यात खोबरं आणि खसखस असते.

मग आतडं साफ करायची पावडर, ती दोन लिटर पाण्यात कालवायची असते. खारट-गोडट-लिंबू अशी चव, पहिला ग्लास बरा वाटतो, तिसऱ्या ग्लासाला नाकाशी नेला की घशाशी येतं. थंड करून स्ट्रॉनं जिभेच्या मागच्या बाजूला ओढत प्यायलो तर जातं, हे मला एका सिस्टरनी सांगितलेलं. अर्धी रात्री आणि अर्धी पहाटे, एका दमात सगळी नाही, दोन भागात घेतली की साफ जास्त होतं. पहाटेच्या भागानंतर बाहेर येणारं पाणी फिकट पिवळं, तळ दिसेल असं आलं की झालं. आमच्यासारख्यांना संडासात बसून राहायची सवय असल्यानं यात नवीन काही नाही, फक्त कातडी सोलवटते, त्याला आधीपासून व्हॅसलिन लावून ठेवा.

झोपेचं इंजेक्शन मी हलकंच घ्या म्हटलं होतं, मला बघायचं होतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, समोर स्क्रीन. नळी आधी पूर्ण आतपर्यंत, जिथं लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथवर नेतात, वाटेत वळणावर हवा भरल्यावर पोटात कळ येते तेवढीच. बघायचं काम परत येताना करतात, हळूहळू बाहेर काढत. आणि यावेळी त्यांनी निळा रंग फवारला, इंडिगो कार्मिन, याला क्रोमोएंडोस्कोपी म्हणतात.

आता मी फाउंड्रीत इन्स्पेक्शनला असतो. आमच्याकडं काही कास्टिंगना, म्हणजे ओतीव मालाला, डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करतात. नुसत्या डोळ्याला माल गुळगुळीत दिसतो, मग त्यावर लाल पातळ रंग मारायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, आणि क्रॅक असला तर त्यात घुसलेला लाल रंग वर येतो, पांढऱ्यावर केसासारखी रेघ उमटते. रोजचं काम आहे माझं. आणि इथं मी आडवा पडून स्क्रीनवर बघतोय की निळा रंग अस्तराच्या खाचाखोचांत जाऊन बसतोय आणि आत्तापर्यंत सपाट गुलाबी दिसणाऱ्या जागेला एकदम कडा आल्या, उंच-खोल दिसायला लागलं. डॉक्टरांना म्हटलं, हे तर आमचंच काम. ते हसले, म्हणाले, "फरक एवढाच, तुमचा माल हलत नाही."

कोलायटिसमध्ये बिघडलेली जागा बऱ्याचदा नेहमीच्या पॉलिपसारखी, म्हणजे मांसाच्या कोंबासारखी, उभी देठावर नसते, सपाट असते, आजूबाजूच्यात मिसळलेली, म्हणून हा रंग. पूर्वी आणि अजूनही कितीतरी ठिकाणी न बघता ठरावीक अंतरावर तुकडे घेतात, दर 10 सेंटीमीटरला चारी बाजूंनी एकेक, एकूण कमीत कमी 32 तरी. दीड मीटरच्या आतड्यात ते 32 ठिपके म्हणजे किती जागा बघितली तुम्हीच विचार करा. रंग टाकून संशय वाटेल तिथलेच घेतले तर जास्त हाताला लागतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा कुठल्या पद्धतीनं करणार, विचारल्यावर कुणी चावत नाही.

स्क्रीनवर जे दिसलं त्याचं मला जास्त नवल वाटलं. उजव्या बाजूला आतडं बरंचसं नेहमीसारखं, घड्या घड्या, कप्पे कप्पे, अस्तराखाली रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. डावीकडं आलो आणि कप्पे संपले. सरळ गुळगुळीत नळी. जाळी तुटक, मध्ये मध्ये पांढरट वण. पूर्वी बेरियमचा एक्स-रे काढायचे त्यात हे शिशाच्या पाइपसारखं दिसायचं म्हणून लेड पाइप असंच नाव पडलंय. सूज जुनी झाली की अस्तराखालचा स्नायूचा थर जाड होतो, आकसतो, आणि आतडं लांबीलाही कमी होतं. जिथं पूर्वी पाणी शोषून मल घट्ट करायचं काम व्हायचं तिथं आता निम्मंच होतं, त्यामुळं आजार शांत असूनही माझं कधी घट्ट होत नाही. हेही कोडं त्या दिवशी सुटलं.

आणि एका पट्ट्यात मांसाचे छोटे छोटे कोंब लोंबत होते, बघून पोटात गोळा आला, म्हटलं संपलं. ते स्यूडोपॉलिप. मोठ्या झटक्यात अस्तर खरवडून गेलं, मध्ये जी बेटं शिल्लक राहिली ती भरून येताना वर आली, एवढंच. ते स्वतः कॅन्सर होत नाहीत. पण त्यांच्या गर्दीत खरं काही लपलं तर दिसत नाही, म्हणून तिथं डॉक्टर बराच वेळ रेंगाळले. आकसून अरुंद झालेली जागा कुठं आहे का तेही बघत होते, ती असती तर जास्त काळजी, कारण कोलायटिसमध्ये आतडं अरुंद झालं की कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत संशयच धरतात. तशी नव्हती.

तुकड्यांचा रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि त्या दिवसांत भाच्यानं मोबाइलवर शोधून काढलं. "मामा, 30 वर्षांत 18 टक्के म्हणतायत." घरात स्मशानशांतता. तो आकडा खोटा नाही, 2001 साली आधीचे खूप अभ्यास एकत्र करून काढलेला आहे, 10 वर्षांत 2 टक्के, 20 वर्षांत 8 आणि 30 वर्षांत 18. पण त्यात जुन्या काळचे, मोठ्या हॉस्पिटलात पोचलेले वाईट आजाराचे पेशंट जास्त, आणि त्यानंतर जे अभ्यास आले त्यांत धोका याच्यापेक्षा बराच कमी आहे. आणि सगळ्यांना सारखाही नाही. ज्यांचा आजार फक्त गुदाशयात आहे त्यांना जवळजवळ इतर माणसांएवढाच. पूर्ण आतड्यात असेल, सूज वर्षानुवर्षं धुमसत असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर असेल तर जास्त. आणि सोबत पीएससी नावाचा पित्तनलिकांचा आजार असेल तर खूपच, त्यांना निदान झाल्यापासून दर वर्षी तपासणी, 8 वर्षं थांबायचंच नाही. बाकीच्यांना धोका बघून 1 ते 5 वर्षांनी. हे सगळं भाच्याला बसवून सांगितलं, म्हटलं आता आजीला पण असंच समजावून सांग, आकडे तू आणलेस.

रिपोर्टमध्ये बाकी सगळं ठीक, एका तुकड्यावर "डिस्प्लेसिया आहे का नाही निश्चित सांगता येत नाही" असा शेरा. डिस्प्लेसिया म्हणजे पेशी कॅन्सरच्या वाटेला लागणं, त्यात लो ग्रेड, हाय ग्रेड असं असतं, आणि हा तिसरा प्रकार, ना हो ना नाही. आमच्याकडं असा माल आला तर होल्डचा टॅग लावून बाजूला ठेवतात. माणसाला कुठं ठेवणार? त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, नाही म्हणालेत का? मग झोपा." मी काही झोपलो नाही, तीही नाही.

डॉक्टरांनी स्लाइड पुण्याला आतड्याचंच काम करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडं पाठवायला सांगितल्या. डिस्प्लेसियाचा काही शेरा असेल तर दोघांनी बघायचं हा यातला नियमच आहे, कारण दोघांचं मत वेगळं पडायची शक्यता इथं खूप असते. स्लाइड आणि मेणातले ब्लॉक तुम्ही लॅबकडं मागू शकता. मला ते माहीतच नव्हतं, काउंटरवरचा पोरगा आधी तोंडाकडं बघत बसला, मग आतून विचारून आला आणि एका छोट्या डबीत देऊन टाकलं. पुण्याचं उत्तर आलं की सूज भरून येतानाचे बदल वाटतात, तरी काही महिन्यांत परत बघा. म्हणजे आतड्यात कुठंतरी थोडी सूज होती जी मला कळत नव्हती. त्यासाठी मेसालामिनचा डोस वाढला, रात्री सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची वडी) सुरू झाली, आणि मेसालामिन वर्षानुवर्षं घेताय तर किडनीचं क्रिएटिनिन बघत राहायचं तेही वहीत लिहून दिलं. परत तपासणी झाली, परत ती पावडर, परत निळा रंग, यावेळी सगळे तुकडे स्वच्छ.

मधल्या काळात ऑपरेशनबद्दल पण बोलून घेतलं, कारण हाय ग्रेड निघालं आणि ती जागा दुर्बिणीतून नीट काढता येण्यासारखी नसली तर मोठं आतडं पूर्ण काढायचा सल्ला देतात. डॉक्टरांनी त्यांच्या एका पेशंटशी फोनवर बोलणं करून दिलं, इचलकरंजीचे, यंत्रमागाचा धंदा. त्यांचं मोठं आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याचीच पिशवी करून खाली जोडलीय, जे-पाउच म्हणतात, दोन-तीन टप्प्यांत होतं आणि मध्ये काही महिने पोटावर पिशवी लावावी लागते. मी विचारलं दिवसातून किती वेळा जाता. म्हणाले, "पाच-सहा वेळा, रात्री एखाद्या वेळी. पण घाई नाही हो, थांबता येतं. मी पंढरीला जाऊन आलो की एसटीनं." पाउचला पण सूज येते अधूनमधून, अँटिबायोटिक घ्यावं लागतं, ते पण त्यांनी लपवलं नाही. तोपर्यंत माझ्या डोक्यात ऑपरेशन म्हणजे सगळं संपलं असंच होतं. थांबता येतं, हे ऐकून मला चक्क त्यांचा हेवा वाटला. अजून तरी मी माझंच आतडं घेऊन चाललोय, पण उद्या रिपोर्ट वाईट आलाच तर आधीइतका हटून बसणार नाही.

कंपनीत सुपरवायझरला पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं, लाइनवरून न विचारता उठून जायची मुभा मिळाली, सोबतच्या पोरांना त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण आता कुणी विचारत नाही. जुने सगळे रिपोर्ट, आतले फोटो, तुकड्यांचे नंबर एका फाइलमध्ये लावलेत, कारण पुढच्या वेळी डॉक्टर आधीच्या फोटोशी ताडून बघणार, ते कोंब होते तेवढेच आहेत का. वर्षानं परत या म्हणालेत. वर्ष भरतंय नेमकं दिवाळीच्या आठवड्यात, तारीख तेवढी पुढं ढकलून घेतलीय, चिवडा, करंज्या समोर असताना वरणाचं पाणी कोण पिणार.